अढीतला अवोकाडो

रोकडे सरांना एकटी वस्तू बघवत नाही. तिच्याशेजारी दुसरी ठेवल्याशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही. लग्नाला गेले तर ते नवरा-नवरीकडे बघतच नाहीत. नवऱ्याचा मामा आणि नवरीचा मामा यांना शेजारी शेजारी उभं करतात आणि डोळ्यांनी मापं घेतात. मयताला गेले तर परतीच्या वाटेवर हळूच सांगतात की मागच्या मयताला लाकडं कोरडी होती. आणि हे नुसतं तोंडी नसतं. सदऱ्याच्या खिशात पाठकोरे कागद असतात. कागद काढायचा, मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. वर मथळा ठरलेला: फरक स्पष्ट करा.

मुरबाडच्या हायस्कुलात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्याचा हा परिणाम. मी त्यांचा विद्यार्थी. वनस्पती आणि प्राणी यांतला फरक स्पष्ट करा, या प्रश्नाला मी एका ओळीचं उत्तर लिहिलं होतं: प्राण्यांना शाळेत यावं लागतं. सरांनी अर्धा गुण दिला आणि शेजारी लिहिलं, 'मुद्दा बरोबर, पण दुसरी बाजू कुठे आहे?'

आता मीही पन्नाशीला आलो. हळदीत, सत्कारात, वाढदिवसाला माईक धरतो. सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावात सरांचं घर माझ्या घराला लागून आहे, म्हणजे मधे फक्त करवंदीचं कुंपण. लोकांना हसवायचं आणि हसवता हसवता एखाद्याची गंमत करायची, यावर माझं पोट चालतं. त्याच सवयीपायी गेल्या वर्षी सरांच्या बायकोचा, वत्सलाकाकूंचा, जीव माझ्या हातून जायची वेळ आली होती. माईकवर मी बरंच काही सांगतो. हे अजून सांगितलेलं नाही.

गोष्ट सुरू झाली एका सडक्या फळापासून. सर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने बंगळुरूहून त्यांच्यासाठी एक अवोकाडो आणला. पिशवीतून बाहेर निघेपर्यंत तो आतून काळा पडला होता. सरांनी नाक मुरडलं. काकूंनी मात्र बी धुतली आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून लावली. डब्यातून ती घरामागच्या उतारावर गेली. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, तो मोजून पडत नाही. अवोकाडोला मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही, मुळं कुजतात. म्हणून काकूंनी घमेल्याने माती वाहून त्याला कमरेएवढा उंचवटा करून दिला. सर वाचून सांगायचे, काकू करायच्या. फळाची चव मात्र घरात कोणालाच माहीत नव्हती. कल्याणच्या मॉलमध्ये मिळतो, आणू का, असं मी एकदा विचारलं, तर काकू म्हणाल्या, "इकत आणून खायाचा तर झाड कशाला लावलाय मी?"

आठ वर्षं त्या थांबल्या.

पहिली फळं धरली तेव्हा अख्खी आळी ते झाड बघायला आली. आता आम्ही आंब्यावर वाढलेली माणसं. झाडावर एखादं फळ पिकून खाली पडलं, म्हणजे पाड लागला, की मग बाकीची उतरवायची, एवढं आम्हाला कळतं. सरांसकट सगळे पाडाची वाट बघत बसले. रोज सकाळी सर झाडाखाली उभे राहून फळं दाबायचे. दगड. पंधरा दिवसांनी दाबायचे. दगड. शेवटी माकडांची टोळी गडावरून उतरली आणि एकेक फळ चावून, न आवडून, कौलांवर फेकून गेली. त्यानंतर सरांच्या वाचनात आलं की अवोकाडो झाडावर पिकतच नाही. कच्चाच काढायचा, मग घरात पिकवायचा. विज्ञानाच्या शिक्षकाला माकडांनी नापास केलं, असं मी पुढच्या तीन हळदींत माईकवरून सांगितलं.

सरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांचा खरा वैरी माकड नव्हताच. तो होता शहापूरचा बाळारामदादा.

आसनगाव स्टेशनपासून आत, बाळारामदादांनी भातशेतीच्या वरच्या मोकळ्या माळावर ड्रॅगन फ्रूट लावलं होतं. सिमेंटचे खांब, वर टायर, आणि टायरमधून चारी बाजूंनी लोंबणाऱ्या काटेरी फांद्या. दादा आणि सर एका कृषी सहलीत भेटले आणि त्या दिवसापासून दोघांची जुंपली. सरांचा कागद तयार होता. डावीकडे अवोकाडो: चांगले स्निग्ध पदार्थ, हृदयाला उत्तम, पोटॅशियम केळ्याहून जास्त, एका फळात जेवण. उजवीकडे ड्रॅगन फ्रूट: बहुतेक पाणी, थोडा चोथा, थोडं क जीवनसत्त्व, रंग मात्र हळदीच्या मांडवासारखा भडक. दादांचं म्हणणं, "सर, तुमचा झाड आठ वरसांनी दगड देतो. माझा निवडुंग दुसऱ्या वरसाला फळ देतो, पाणी मागत नाय, माकडं काट्याला हात लावत नाय. आणखी काय फरक पायजे तुमाला?" त्यावर सर सांगायचे की एप्रिलच्या उन्हात तुमचा निवडुंग करपून पिवळा पडतो, त्याला सावलीची जाळी बांधावी लागते, हे खिशातल्या कागदाच्या मागच्या बाजूला आहे.

तर अशा या दोन मल्लांना मी एका मांडवात आणायचं ठरवलं. गणपती उलटल्यावर शहापूरच्या एका मंगल कार्यालयात शेतकरी मेळावा होता, माईक माझ्याकडे. मी मंचावर फळाच लावून घेतला: 'अवोकाडो की ड्रॅगन फ्रूट? आमनेसामने.' त्या वर्षी झाडाला चांगली वीसेक फळं होती, मी कुंपणातून मोजली होती. सर जिंकणार याबद्दल मला शंका नव्हती. मी त्यांच्यासाठी टाळ्यांच्या जागासुद्धा ठरवून ठेवल्या होत्या.

मेळाव्याच्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत सर थोडे विचित्र वागत होते, पण विचित्र माणूस थोडा जास्त विचित्र वागला तर ते कळतं कोणाला? दर मंगळवारी आणि शुक्रवारी सर आणि काकू पहाटेच्या एसटीने कल्याणला मुलीकडे जायचे आणि संध्याकाळी यायचे. लेकीची माया, असं आळी म्हणायची. एकदा मी चहाला गेलो तर सरांनी काकूंचा चहा शाळेतल्या काचेच्या मोजपात्राने मोजला, रेघेला डोळा लावून, आणि मग अर्ध्या कपात ओतला. दुसऱ्यांदा गेलो तर ते बटाट्याच्या फोडी उकळून ते पाणी मोरीत ओतत होते, आणि त्याच फोडी पुन्हा नव्या पाण्यात टाकत होते. मी विचारलं, सर, प्रयोग कसला? म्हणाले, "दोन पाण्यांतला फरक बघतोय." मी घरी येऊन बायकोला नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. म्हणाली, काकू वाळल्यात.

मेळाव्याच्या रविवारी मांडव भरला होता. बाळारामदादांनी लालभडक फळांची पाटी आणली होती. ते आधी बोलले आणि चांगलं बोलले. मग मी सरांचं नाव असं पुकारलं की मागच्या रांगेतली झोपलेली माणसं उठून बसली. सर फळ्यापाशी गेले. मधोमध रेघ मारली. डावीकडे अवोकाडो, उजवीकडे ड्रॅगन फ्रूट. मी टाळ्यांच्या पहिल्या जागेची वाट बघत होतो.

सरांनी उजव्या बाजूने सुरुवात केली. ड्रॅगन फ्रूट हलकं आहे, पचायला सोपं आहे, पोटॅशियम त्या मानाने कमी आहे. लिहीत गेले, लिहीत गेले. डावी बाजू कोरी. मी जवळ जाऊन कुजबुजलो, "सर, आपली बाजू." तेव्हा त्यांनी डावीकडे एकच ओळ लिहिली: घरात आणू नये. आणि मांडवाकडे वळून, वर्गात सांगायचे तशा आवाजात म्हणाले की अवोकाडो कोणी कोणाच्या घरी नेऊ नये. आजारी माणसाला भेटायला जाताना तर नाहीच. माझ्या घरी तर कोणीच आणू नये. खडू ठेवला आणि खाली उतरले.

मी माईक धरून उभाच राहिलो. सगळ्यात जास्त राग आला तो बाळारामदादांना. ते सरांच्या मागे चपला घालत पळाले. "सर, ही काय रीत झाली? मी भांडायला आलोय. तुमीच माझ्या बाजूनं बोललात तर मी जिंकलो कसा?" सर म्हणाले, "दादा, तुमच्या पाटीतली दोन फळं मला द्या." आणि ती दोन फळं रुमालात बांधून ते निघून गेले.

मला ते सहन झालं नाही. माझा कार्यक्रम पडला होता. शिवाय सर कोणाला तरी घाबरून बोलले, असं मांडवात लोक म्हणत होते. मला वाटलं, म्हातारा फिरलाय, त्याचं त्यालाच दाखवून द्यावं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सर औषधं आणायला मुरबाडला गेलेले बघून मी कुंपण ओलांडलं. झाडावर एकही फळ नव्हतं. वास मात्र होता, भाताच्या पेंढ्याचा आणि त्यात मिसळलेला कसला तरी नवा. मी गोठ्याच्या माळ्यावर चढलो. तिथे, आंब्याला घालतात तशी, पेंढ्याची अढी. वर गोणपाट. पेंढा बाजूला केला तर खाली वीसच्या वीस अवोकाडो, नीट ओळीने, एकाला एक न लागू देता. एक दाबून बघितला. लोण्यासारखा दबला.

आता तुम्ही सांगा, माझ्यासारख्या माणसाने काय केलं असतं? तो घेऊन मी सरळ ओटीवर गेलो. काकू भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. फळ बघितलं आणि त्यांचा हात सुपातच थांबला.

"ह्यो कुठला?"

तुमच्याच झाडाचा, मी म्हणालो.

"सर तर म्हनले यंदा बी माकडांनी नेली सगली."

मी म्हटलं, माकडं गोठ्याच्या माळ्यावर अढी घालायला शिकली असतील तर नेली असतील. काकू हसल्या नाहीत. सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "सुरी आन."

मी फळ चिरलं, बी बाजूला ठेवली, चमचा दिला. साखर घालू का, विचारलं. नको म्हणाल्या, आहे तसाच. पहिला चमचा तोंडात घेतला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे असा बघत होतो जसा निकालाच्या दिवशी फळ्याकडे बघायचो. त्यांनी गिळला. डोळे उघडले.

"ह्याला काय चव रे? ना गोड, ना आंबट. भिजवलेल्या साबनावानी लागतो."

मी खो खो हसलो. त्यांनी दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. मी म्हटलं, काकू, आवडलं नाही तर खाता कशाला? म्हणाल्या, "आठ वरसं माती वायली मी त्याच्या बुडाशी. खाऊ दे." आणि मग, चमचा पुसून ठेवत, दाराकडे बघून म्हणाल्या, "सरांनी इचारला तर गोड व्हता म्हन. लय गोड."

अर्धं फळ संपलं होतं. तेवढ्यात सर दारात.

त्यांनी आधी ताटलीतली बी बघितली. मग साल. मग काकू. हातातली औषधांची पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली, ती घसरून पडली, त्यांना कळलं नाही.

"किती खाल्लंस?"

काकूंनी चमचा दाखवला. "तीन. चार."

सर माझ्याकडे वळले. मला वाटलं आता कान धरणार. ते म्हणाले, "गाडी काढ."

गाडीतच कळलं. काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. कल्याणला लेकीकडे नाही, डायलिसिसला जायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. गावात बोभाटा नको म्हणून काकूंनीच शपथ घातली होती, कोणी भेटायला यायला नको, कोणी कीव करायला नको. शरीरातलं पोटॅशियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. ते होत नाही म्हणून बटाट्याचं पाणी ओतून द्यायचं, नारळपाणी बंद, केळं बंद, पाणी आणि चहा मोजून. आणि पोटॅशियम जास्त झालं की ठोके चुकतात, चुकता चुकता थांबतात. शुक्रवार ते मंगळवार हा दोन डायलिसिसमधला सगळ्यात लांब खंड, सोमवारी ते आधीच वर चढलेलं असतं. त्यात मी नेऊन काय दिलं, तर सरांच्या कागदावर ज्याच्या नावापुढे 'केळ्याहून जास्त' लिहिलेलं होतं ते.

"तू मेळाव्यात होतास ना रे," सर एवढंच म्हणाले.

होतो. माईक माझ्याच हातात होता.

मुरबाड ते कल्याण हा रस्ता मी हजार वेळा केला असेन. त्या दिवशी तो संपतच नव्हता. रेतीचे डंपर, खड्डे, म्हारळच्या अलीकडे वाहतूक तुंबलेली. आरशात मला मागची सीट दिसत होती. सरांनी काकूंचं मनगट धरलेलं, दुसऱ्या हातातल्या घड्याळावर नजर, ओठ हलत होते. मोजत होते. मधेच विचारायचे, हातापायाला मुंग्या येतात का? छातीत कसं वाटतं? काकू म्हणायच्या, काय नाय. पुन्हा मोजायचे. एकदा मधेच त्यांचे ओठ थांबले आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. "चालव," ते म्हणाले, "माझा आकडा चुकला." मी त्यांना आकडा चुकताना कधी ऐकलं नव्हतं.

कल्याणला गेल्या गेल्या काकूंना आत घेतलं. छातीला तारा लावल्या, रक्त काढलं. डॉक्टर तरुण होता, चिडलेला होता, आणि तो चिडला याचंच मला बरं वाटलं, कारण धोका मोठा असता तर त्याला चिडायला वेळ मिळाला नसता, अशी मी मनाची समजूत घातली. आम्ही बाहेरच्या बाकावर. सरांच्या खिशातले कागद बाहेर डोकावत होते, त्यांनी हात लावला नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी तळहात वर केला. तासभर असेच बसलो. कोणी दार उघडलं की दोघंही उठायचो, पुन्हा बसायचो.

शेवटी डॉक्टर आला. पोटॅशियम वाढलेलं होतं, पण हृदयावर परिणाम नव्हता. उद्याचं डायलिसिस आत्ताच लावतो, म्हणाला. आणि फळ कोणी दिलं, असं विचारलं. मी हात वर केला, वर्गात करायचो तसा. त्याने मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. ते सगळं माझ्या लायकीचं होतं.

डॉक्टर गेल्यावर सर पहिल्यांदा बाकाला टेकले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"खाताना काय म्हणाली ती?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"तू समोर होतास. चव कशी लागली तिला?"

त्यांनी स्वतः खाल्लं नव्हतं. वीस फळं अढीत घालून, रोज माळ्यावर चढून, एकेक दाबून बघून, त्यांनी त्यातलं एकही चाखलं नव्हतं. ते का, हे मी विचारलं नाही. एवढी अक्कल मला त्या तासाभरात आली होती.

मी म्हटलं, "गोड होता म्हणाल्या, सर. लय गोड."

सर विज्ञानाचे शिक्षक. अवोकाडोत साखर जवळजवळ नसतेच, हे त्यांनीच मला कुंपणापलीकडून दहा वेळा सांगितलं होतं. मला वाटलं, आता अर्धा गुणही जाणार.

"गोड म्हणाली?"

"हो सर."

"असं म्हणाली ती," ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. आतून यंत्राचा आवाज येत होता, एकसारखा. ते सरकून माझ्याजवळ आले, मांडीवर हात ठेवून नीट बसले, नाटक सुरू व्हायच्या आधी माणसं बसतात तसे.

"पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "चमचा कोणत्या हातात होता, तिथून."